हाताला लागल्याशिवाय

आमच्या सोसायटीचं नाव क्षीरसागर. बिल्डरचं आडनाव तेच होतं म्हणून. मुकुंदवाडी स्टेशनला इतक्या लागून आमच्या दोन बिल्डिंगा आहेत की गाडीची शिट्टी आणि कुकरची शिट्टी यांतला फरक नव्या सुनेला कळायला थोडे दिवस जातात. क्षीर राहू द्या, साधं पाणी आमच्याकडे आठवड्यातून एखाद्या दिवशी येतं, आणि तेही त्याच्या मर्जीनं. घरात माणसांपेक्षा ड्रम जास्त. मुलगी बघायला आलेले पाहुणे मुलीच्या आधी बाल्कनीतले ड्रम नजरेनं मोजून घेतात.

अशा सोसायटीला एक चेअरमन असा लाभला की त्यानं पाण्याबद्दल कधीही, कुणालाही, कसलंच आश्वासन दिलं नाही. कचरू गाडेकर त्यांचं नाव. तोंडावर सगळे कचरूनाना म्हणत, माघारी कंट्रोलर.

मी तिथला सेक्रेटरी. नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, मनुष्यबळ विभागात. म्हणजे लोकांना नको असलेली गोष्ट त्यांना हवीशी वाटेल अशा भाषेत लिहून काढणं हे माझं काम. स्वभावानं मी अबोल. जे थोडं बोलतो, ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून. नानांवर लिहायचं फार दिवस मनात होतं, पण लिहायला बसलो की एका सकाळपाशी येऊन हात थांबायचा. या वेळी थांबू द्यायचा नाही असं ठरवून बसलो आहे. ती सकाळ तिच्या जागी येईलच. आधी नाना.

नाना मूळचे फुलंब्रीकडचे. सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून झाली. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, गाड्यांच्या नोंदी घ्यायच्या आणि माइकवरून पुकारा करायचा. रिटायर होऊन किती वर्षं झाली तरी ती केबिन त्यांच्या अंगातून गेली नव्हती. बोलताना ते तुमच्या तोंडाकडे कधी बघत नसत. तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघत, जणू तुमच्या मागून एखादी गाडी आत शिरते आहे. नवखा माणूस दोन-तीनदा मागं वळून पाहायचा.

स्टँडवर त्यांच्या पुकाऱ्याची ख्याती होती. गाडीला उशीर झाला की एरवी कुठलाही कंट्रोलर 'थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे' असं म्हणून मोकळा होतो. नाना माइक हातात घेऊन म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. कन्नडची गाडी कुठं हाय, मला म्हाईत नाय. म्हाईत झालं की सांगतो. ज्यांना घाई असंल त्यांनी जीप बघावी." वरून त्यांना याबद्दल समज मिळाली होती म्हणे. नानांनी समज घेतली आणि खिशात ठेवून दिली.

पण त्या पुकाऱ्याचा परिणाम काय व्हायचा, तो त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखा होता. "लोक निवांत चहा प्यायचे, सेक्रेटरी. दुसऱ्याची पाळी असली की प्रवासी उभाच. टाचा वर करून गेटाकडं बघतोय. माझी पाळी असली की बसलेला. का? तर नाना बोलले नाय, म्हंजे गाडी नाय. नाना बोलले, की पिशवी उचलायची. माझ्यापाशी गाडी नव्हती, डिझेल नव्हतं, डायव्हर नव्हता. नुसता शब्द व्हता. त्यो तेवढा नीट ठिवला."

सोसायटीत ते चेअरमन झाले ते जवळजवळ चेष्टेत. त्या सभेत दोन उमेदवार होते. एकानं बोअरचं वचन दिलं, दुसऱ्यानं स्वतंत्र लाइनचं. मग कुणीतरी मागून ओरडलं, "नाना, तुम्ही काय देता?" नाना उठले, सगळ्यांच्या खांद्यांवरून पार्किंगकडे बघत म्हणाले, "म्या पाणी आणू शकत नाय. पण पाणी येणार नाय, हे येळंवर सांगू शकतो." सगळे हसले. तळमजल्यावरच्या शेख भाभी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हौ, बस इतनाच होना. निदान ड्रम जपून वापरता येतील." आणि नाना निवडून आले.

त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे भाजीवाले वापरतात तसला बॅटरीवरचा भोंगा आणला. त्याच्या बॅटरीच्या झाकणाचा खटका मोडका होता, तो त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधून टाकला. आता आमचं पाणी कसं येतं ते सांगतो. आधी जमिनीतला हौद भरतो, मग मोटर लावून गच्चीवरची टाकी भरते, आणि मग तासभर घरोघरचे नळ चालतात. हौदात पाणी पडायला लागलं का, हे बघण्यासाठी नाना गुडघे टेकून झाकण उघडत, अख्खा हात आत घालत आणि पाइपाच्या तोंडाशी धरत. धार तळव्याला लागली की उठायचं, ओला हात लेंग्याला पुसायचा, एकदा खाकरायचं आणि भोंगा तोंडाला लावायचा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पाणी आलं."

प्रवाशांनी! ती सवय गेलीच नाही. आमच्या दोन्ही बिल्डिंगांतले लोक त्यांच्या लेखी कायमचे कुठंतरी निघालेले होते.

पाणी आलं नाही की त्यांचा पुकारा जास्त लांब असे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. पाणी आलेलं नाय. कव्हा येईल, मला म्हाईत नाय. पाणी आलेलं नाय, कव्हा येईल मला म्हाईत नाय. धन्यवाद." सुरुवातीला पोरं बाल्कनीत येऊन खिदळायची. बातमीच नाही, ती दोनदा कशाला सांगायची? मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "वाईट बातमी पहिल्यांदा कुणी ऐकतच नाय. ऐकणारा म्हणतो, माझ्याबद्दल नसंल. म्हणून दोनदा सांगायची. चांगली एकदा. ती भिंतीतनंबी ऐकू येती."

आणि कुणी जिन्यात गाठून "नाना, उद्या तरी येईल का हो?" असं काकुळतीनं विचारलं, तरी उत्तर ठरलेलं: "हाताला लागल्याबिगर बोलायचं नाय."

माझी भाषा याच्या अगदी उलट. लिफ्ट बंद पडली तेव्हा मी फळ्यावर सूचना लावली की, तांत्रिक कारणास्तव लिफ्टसेवा काही काळ स्थगित असून ती लवकरच पूर्ववत होईल. नानांनी ती दोनदा वाचली.

"लवकरच म्हंजे कोणत्या वारी?"

"म्हणजे... लवकरात लवकर, नाना."

"त्यो कोणता वार?"

मग ते खाली गेले आणि भोंग्यातून आवाज आला, "लिफ्ट बिघडली. मिस्त्री वेरूळला साडूच्या घरी गेलाय. आल्यावर बघंल. दुरुस्त व्हईल का नाय ते त्यो सांगंल, मग म्या सांगन. तवर गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या मजल्यावरच्या भांडणात पडू नये."

वरच्या मजल्यावर भांडण चालू आहे हे त्यामुळं ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं, आणि ते भांडण त्या दिवशी लाजेनं मिटलं.

आमच्या कारखान्यानं एकदा आम्हाला हॉटेलात नेऊन पुढारपण आणि विश्वास या विषयावर दिवसभर शिकवलं. त्यात एक खेळ होता. डोळे मिटून मागं पडायचं आणि सहकाऱ्यानं झेलायचं. संध्याकाळी हौदाच्या कट्ट्यावर मी नानांना तो उत्साहानं सांगितला. नाना म्हणाले, "आधी माणसाला पाडायचं, मग धरायचं, अन् त्याला भरवसा म्हणायचं? आमच्या स्टँडवर फलाट वला असला की पुकारायचे, निसरडं हाय, पडू नका."

खरं बोलण्याची ही सवय त्यांनी स्वतःलाही माफ केली नव्हती. एका दुपारी मोटर चालू ठेवून त्यांना डुलकी लागली आणि गच्चीवरची टाकी भरून वाहून गेली. आमच्या शहरात टाकी वाहून जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. देवळातली घंटा चोरली तर लोक एखादवेळी माफ करतील. कुणी पाहिलं नव्हतं. सगळे झोपले होते. नानांनी भोंगा काढला आणि अख्ख्या सोसायटीला उठवलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. टाकी वाहून गेली. चूक माझी. मला झोप लागली व्हती. टाकी वाहून गेली, चूक माझी, मला झोप लागली व्हती."

खिडकीतून त्यांच्या पत्नीचा, जिजींचा, आवाज आला. त्याला भोंग्याची गरज नव्हती. "अवो, घरातली झोप गावाला कामून सांगता?"

"घरात नव्हतो झोपलो. खुर्चीवर झोपलो व्हतो."

त्या दिवशी लोक त्यांच्यावर चिडले जरूर, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावरचा भरवसा उलट वाढला. ज्याची चूक तोच उठवून सांगतो, त्याचं 'आलं' म्हणजे आलंच.

दर ईदला शेख भाभी मटणाच्या नानखलियाचं पातेलं चढवायच्या आणि शिजत आलं की रस्सा चाखायला नानांना बोलवायच्या. बाकीचे आम्ही पहिल्या घासाला 'वा, वा' म्हणायचो. नाना घोट घ्यायचे, पलीकडच्या भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, "भाभी, मीठ ईसरलात." भाभी खुश व्हायच्या. "देखो, ये एकच आदमी है. बाकी सब झूटे, मीठ नसतानाही वाटी चाटते."

त्या झूट्यांत मी होतो.

आता ती सकाळ.

शेख भाभींच्या सनाचं लग्न ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी निकाह, त्या दिवशी घरी हळद. खुल्ताबादेहून पाहुणे यायचे होते. नाना आणि जिजी मात्र पहाटेच्या गाडीनं फुलंब्रीला निघाले, भावाच्या नातवाचं जावळ होतं म्हणून. दुपारनंतर परत येणार होते. जाताना नानांनी हौदाची किल्ली आणि भोंगा माझ्या हातात दिला. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं; ते गावाला गेले हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"लाइनमनचा फोन येईल. काय म्हणतो ते ऐकून घ्या. भोंग्यात बोलू नका. हाताला लागलं तर बोला."

फोन आला. लाइनमन म्हणाला, "बघू साहेब, बहुतेक सोडतील दुपारी." मी खाली उतरलो तर शेख भाभी दारातच. हातात हळदीची परात.

"सेक्रेटरी साहब, पानी का क्या है? मेहमान निकल गए उधरसे."

मला 'माहीत नाही' म्हणता आलं नाही. जन्मात कधी आलं नव्हतं. मी म्हणालो, "येईल ना भाभी! दुपारी नक्की."

भाभींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता हिशेब होता. म्हणाल्या, "तुमचं राहू द्या. नाना क्या बोलते, वो बताओ."

एवढं एकच वाक्य. त्यात माझा अपमान करायचा त्यांचा हेतूही नव्हता. पण मला ते लागलं. इतकी वर्षं मी सगळ्यांशी गोड बोललो होतो, आणि माझ्या शब्दावर एक बादली रिकामी होत नव्हती.

मी भोंगा घेऊन गच्चीच्या जिन्यात गेलो, जिथून कुणाला दिसणार नाही. एकदा खाकरलो, अगदी नानांसारखं. आणि त्यांचा आवाज काढला. माझ्यात ही कला आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. भोंग्याच्या खरखरीनं उरलंसुरलं काम केलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. आज दुपारी पाणी येणार हाय. आज दुपारी पाणी येणार हाय. धन्यवाद."

लाइनमनच्या वाक्यातला 'बहुतेक' तेवढा मी काढून टाकला होता. ऑफिसात रोज काढतो तसाच.

आणि मग जे झालं, ते मी जिन्याच्या जाळीतून बघितलं. आमच्याकडे एक रीत आहे. ताजं पाणी येणार म्हटलं की साठवलेलं पाणी शिळं होतं. ते ओतून देतात, ड्रम घासून पालथे घालतात. दोन्ही बिल्डिंगांच्या बाल्कन्यांतून ड्रम कलंडायला लागले. पन्हळींतून पाणी वाहू लागलं. कुणी गाडी धुतली, कुणी सतरंज्या, एकानं कुत्रा धुतला. भाभींच्या दारात तर अंगणच धुऊन काढलं, पाहुणे यायचे म्हणून. वरच्या मजल्यावरचे देशपांडे काका डोक्याला मेंदी थापून खुर्चीत बसले. मला काय वाटलं ते आज खरं सांगतो. मला आनंद झाला. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दावर पहिल्यांदाच इतके लोक हलले होते. आवाज माझा नव्हता, एवढंच.

भर दुपारी लाइनमनचा फोन आला. "मोठी लाइन फुटली साहेब. आज विसरा."

पुढचं सगळं सांगत बसत नाही. सना हळदीनं पिवळीधमक होऊन पाटावर बसलेली, आणि तिच्यावर घालायला तांब्याभर पाणी नाही. खुल्ताबादचे पाहुणे हळदीचे हात पुढे धरून, कशालाही न शिवता, रांगेत उभे. शेवटी प्यायच्या पाण्याचा जार आणून नवरीला आंघोळ घातली. देशपांडे काकांच्या डोक्यावरची मेंदी तिन्हीसांजेपर्यंत तशीच राहिली आणि त्यांचं डोकं गाजराच्या रंगाचं झालं. महिनाभर ते टोपी घालून फिरत होते.

उन्हं कलताना जिजींच्या पुढं नाना गेटातून आत आले. हातात कापडी पिशवी, कपाळाला जावळाचं कुंकू. लोक त्यांच्याभोवती जमले. देशपांडे काका टॉवेल गुंडाळून पुढे झाले. "वा नाना! सकाळी पाणी येणार म्हणून ठोकून दिलं आणि पळून गेलात?"

शेख भाभी ओरडल्या नाहीत. तेच जास्त वाईट होतं. एवढंच म्हणाल्या, "नाना, तुमने बोला इसलिए मैंने सब पानी फेंक दिया."

नानांनी एकदा सगळ्यांच्या खांद्यांवरून पलीकडे पाहिलं. पलीकडे मी होतो. भोंगा माझ्या काखेत होता. मी रुळांकडे बघायला लागलो. एक मालगाडी चालली होती, ती मी फार लक्ष देऊन बघितली.

नाना माझ्याजवळ आले, भोंगा घेतला, ट्यूबची पट्टी घट्ट केली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. या भोंग्यातनं आज खोटी बातमी गेली. भोंगा माझ्या ताब्यातला. जबाबदारी माझी." आणि हे सगळं पुन्हा एकदा.

त्या वाक्यांवर मी नंतर पुष्कळदा विचार केला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी बोललो, असं ते म्हणालेच नव्हते. माझ्यासाठीसुद्धा त्यांनी खोटं बोलायचं टाळलं, आणि तरी मला झाकलं.

मग पिशवी जिजींच्या हातात देऊन ते टँकर शोधायला गेले. टँकर आला तेव्हा पहिला पाइप भाभींच्या दारात नेला तो त्यांनी स्वतः खांद्यावरून.

रात्री जेवताना माझी बायको म्हणाली, "नाना चांगली बातमी दोनदा कधीपासून सांगायला लागले?" मी पानात बघत राहिलो. तिनं मला पोळी वाढली. पण तेव्हापासून मी घरात काहीही म्हटलं, अगदी भाजी छान झाली म्हटलं, की ती विचारते, "हे तुमच्या आवाजात, की नानांच्या?"

पुढच्या आठवड्यात पाणी आलं. नानांनी हात घातला, लेंग्याला पुसला, खाकरले. "पाणी आलं." एरवी त्या शब्दाबरोबर दोन्ही बिल्डिंगांत भांड्यांचा खणखणाट उठायचा. त्या दिवशी काहीच हललं नाही. मग शेख भाभी चपला घालून खाली आल्या. हौदापाशी येऊन अवघडून उभ्या राहिल्या.

"बुरा मत मानो नाना. एकदा हात घालके देखती मैं."

नाना बाजूला झाले. स्वतः झाकण धरून उभे राहिले. भाभींनी हात घातला, बाहेर काढला आणि वर बघून ओरडल्या, "हौ, आया है!" तेव्हा कुठं नळ सुटले.

ज्याच्यापाशी नुसता शब्द होता त्याचा शब्द मी खाल्ला होता. त्यानंतर पुकारा झाला की नाना हौदाचं झाकण उघडं ठेवून शेजारी खुर्ची टाकून बसत. "ज्याला बघायचं त्यानं बघावं." लोक येत, हात घालत, जात.

एकदा तिथं कुणी नाही बघून मी गेलो. म्हणालो, "नाना, त्या दिवशी..."

"मला सांगू नका. मला म्हाईत हाय. ज्यांनी ड्रम वतले त्यांना सांगा."

"तुम्हीच सांगून टाका ना, नाना. मी खाली मान घालून उभा राहतो."

"म्या सांगितलं तर ती चुगली व्हईल. तुमी सांगितलं तर बातमी."

मी म्हणालो, "सांगतो. लवकरच."

नाना माझ्या खांद्यावरून गेटाकडे बघत होते. म्हणाले, "लवकरच म्हंजे कोणत्या वारी?"

त्यानंतर किती वार गेले. सना माहेरपणाला येऊन गेली, देशपांडे काकांची टोपी निघाली, लिफ्ट दुरुस्त झाली आणि पुन्हा बिघडली. नानांनी मला परत कधी विचारलं नाही. उलट दर ईदला मीठ सांगत राहिले, आणि दर आठवड्याला झाकण उघडून बसत राहिले. ओरडले असते तर मी कदाचित सुटलो असतो.

मग एके दिवशी त्यांनी चेअरमनपद सोडलं. कारण भोंग्यातून सांगितलं. "गुडघा वाकत नाय. हात पाइपापत्तूर पुरत नाय. ज्याचा हात पुरत नाय, त्यानं भोंगा धरू नये." फ्लॅट मुलाच्या नावावर करून दोघं फुलंब्रीला राहायला जाणार होते.

ज्या दिवशी सामान निघालं त्या दिवशी पार्किंगमध्ये निरोप ठेवला. शाल, नारळ, खुर्च्या. देशपांडे काकांनी भाषणात सांगितलं की नानांच्या काळात पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला. नाना खुर्चीतून म्हणाले, "सुटला नाय." हशा झाला. मग शेख भाभी उठल्या. म्हणाल्या, "ऐसा सच्चा आदमी देखा नहीं. एक बार चुके, सना की हल्दी में. पर क्या करते, इन्सान है. माफ कर दिया हमने."

माफ केलं! सगळ्यांनी मान डोलावली. नाना शालीवरचा दोरा काढत बसले होते. बाजूलाच जिजी बसल्या होत्या. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. नाना ती चूक शालीबरोबर फुलंब्रीला घेऊन निघाले होते, आणि मला ती दिसत होती.

मी उठलो. टेबलावरचा भोंगा घेतला. खाकरलो नाही.

"त्या हळदीच्या दिवशी पाणी येणार म्हणून सांगितलं ते नानांनी नाही. नाना गावाला गेले होते. ते मी सांगितलं. नानांचा आवाज काढून." आणि मग, शिकवल्याप्रमाणे, सगळं पुन्हा एकदा सांगितलं.

मग शेख भाभींनी पदर डोळ्यांना लावला. "देखो, कितना दिलदार है! नाना जा रहे तो अपने सर लेके उनका नाम साफ कर रहा."

आणि टाळ्या पडल्या. माझ्यासाठी! देशपांडे काका उठून माझ्या पाठीवर थाप मारायला लागले. मी म्हणालो, "अहो, खरंच मीच." टाळ्या वाढल्या. "सेक्रेटरी म्हणजे देवमाणूस," कुणीतरी म्हणालं. मी इतकी वर्षं जे गोड बोललो होतो, ते सगळं त्या दिवशी माझ्या आड उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खरं बोललो आणि एकाचाही विश्वास बसेना. मी हताश होऊन नानांकडे बघितलं.

नाना खुर्चीच्या हाताला धरून उठले. माझ्या हातातून भोंगा घेतला. खाकरले.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. सेक्रेटरी बोलतो ते खरं हाय."

टाळ्या जागच्या जागी थांबल्या. कुणी 'खरंच?' म्हणून विचारलं नाही. कुणी हात घालून बघितला नाही. नाना बोलले, म्हणजे झालं.

मी वाट बघत होतो. वाईट बातमी ते दोनदा सांगतात. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. एकदाच सांगून त्यांनी भोंगा टेबलावर ठेवला.

त्यानंतर मात्र मला यथास्थित मिळालं. "हौला आदमी! पागल!" भाभी खुर्ची मागं लोटून उठल्या. "मेरी बच्ची पीली-की-पीली बैठी थी! और मैं नाना पे शक करती रही! शरम नहीं आई?" देशपांडे काका थाप मारत होते तो हात तसाच वर ठेवून म्हणाले, "महिनाभर टोपी घातली मी, महिनाभर!" माझी बायको मागच्या रांगेतून स्पष्टपणे म्हणाली, "हा त्यांचाच आवाज आहे. मी ओळखते." मग भाभी नानांपुढे गेल्या आणि पदराचं टोक पिळत उभ्या राहिल्या. नानांनीच विचारलं, "सना बरी हाय का?"

टेम्पो भरला. पुढं ड्रायव्हरशेजारी जिजी, मांडीवर तुळशीची कुंडी. कडेला नाना, कोपर खिडकीबाहेर. मी भोंगा त्यांना द्यायला गेलो. त्यांनी तो खिडकीतून परत लोटला.

"फुलंब्रीत काय पुकारू? तुमीच ठिवा. पट्टी ढिली झाली की ट्यूब बदला."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. नाना म्हणाले, "सेक्रेटरी, पाणी कव्हा येणार?"

तोंडात 'लवकरच' आलं होतं. ते गिळलं. "माहीत नाही, नाना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे न बघता सरळ माझ्याकडे बघितलं. मग बाहेर काढलेल्या हातानं टेम्पोच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, टण टण, कंडक्टर घंटी देतो तशी, आणि गाडी सुटली.